दहाच अक्रोड

लेओंतीन काबरोलला भुयाराची भीती वाटते, हे आमच्या पेशोबेल गावात तिच्या नवऱ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत भुयाराची किल्ली मात्र तिच्याच स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला आमचं चर्च, माळावरचा मोठ्या शिळांचा प्राचीन मांडव आणि भुयार दाखवण्याचं काम तिचं. चर्चच्या वळचणीखालची दगडी मुंडकी ती नावानिशी ओळखायची. माळावरच्या रानफुलांपैकी कोणतं कधी उमलणार हे ती फुलांच्या आधी सांगायची. पण भुयारात तिने आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं.

सहा वर्षांची असताना लपाछपी खेळताना ती गावच्या पावभट्टीत शिरली होती. भट्टी थंड होती, पण झाकण अडकलं आणि कोणी शोधायला येईना. शेवटी बाहेर काढली तेव्हा तिच्या तोंडात राख होती आणि आवाज बसला होता. तेव्हापासून ती दार बंद करून झोपत नसे, लिफ्टमध्ये चढत नसे, तळघरातले बटाटे आणायला ओनोरेला पाठवत असे. ओनोरे म्हणजे तिचा नवरा. भुयाराचा खरा माणूस तो.

जुन्या लढायांच्या काळात गावाने लपायला आणि धान्य दडवायला खडक पोखरून हे भुयार केलं. ओनोरे तीस वर्षं लोकांना आत नेत होता, आणि तेही उलट्या पावलांनी. लोकांकडे तोंड, भुयाराकडे पाठ, हातात टॉर्च, असा तो बोलत बोलत मागे मागे सरकायचा. ओढ्यातला झिंगा असाच पोहतो, म्हणून गावात त्याला झिंगाच म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एक अक्रोड ठेवायचा आणि बाहेर आल्यावर त्याने तो टोपलीत टाकायचा, हा नियमही त्याचाच. टोपली सांभाळायला भुयाराच्या तोंडाशी लेओंतीन बसे. जितके गेले तितके आले की भुयाराला कुलूप.

रात्री जेवताना तो तिला आतलं सगळं सांगायचा. वाकून तीस पावलं, मग जरासं रांगायचं, मग फाटा, डावीकडे वळलं की गोल दालन आणि दगडी बाक, उजवीकडे वळू नये, तिथे धान्याचा खोल हौद आहे, वर फळी टाकली आहे. ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं. ओनोरे गेला आणि नगरपालिकेत किल्ली दुसऱ्या कोणाला द्यायची बोलणी निघाली, तेव्हा तिला तो रिकामा खिळा डोळ्यांसमोर दिसला. भुयार माहीत आहे ना नीट, असं महापौरांनी विचारलं. माझ्या स्वयंपाकघरासारखं, असं ती न अडखळता बोलून गेली.

एवढं मोठं खोटं पचलं कसं? भिंतीला खुंट्या ठोकून ओनोरेने दालनापर्यंत दोरी बांधली होती. दोरी धरली की आंधळाही पोचायचा. लेओंतीन तोंडाशी बसून तिचं पाठांतर म्हणायची आणि लोक दोरी धरून जाऊन यायचे. बाईंचे शब्द कोण तपासतो? तुम्ही येत नाही का, असं कोणी विचारलंच तर ती टोपली दाखवायची. मोजायला कोणीतरी बसायला नको का?

त्या वर्षी एप्रिलमध्ये दोरी कुजली. शेजारच्या बातिस्तने ती काढून टाकली आणि नवी बाजाराच्या दिवशी आणतो म्हणाला. बातिस्तचं वय ऐंशी. दोन बाजार झाले, दोन्ही वेळा तो चीज विकून, दोन ग्लास घेऊन हात हलवत परत आला. मे महिन्यातल्या त्या रविवारी भटकंती मंडळाची अकरा माणसं आली तेव्हा भुयारात दोरी नव्हती. लेओंतीनला वाटलं, पाठांतर आहे की.

अकरा अक्रोड वाटले. दहा जण आत गेले. अकरावी एक साठीची बाई होती, जिस्लेन नावाची, पोस्टातून निवृत्त झालेली. ती अक्रोड मुठीत धरून तोंडाशीच बसली. म्हणाली, मला बंद जागा सोसत नाही, लोक हसतात. त्याच क्षणी लेओंतीनने खरं सांगून टाकलं असतं तर दोघींनी मिळून हसून घेतलं असतं. पण नऊ वर्षांची सवय जिभेवर आधी आली.

"अहो, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? मी तर डोळे मिटून जाते. रांगून झालं की डावीकडे वळायचं, बस."

दहा जण धुळीने माखून बाहेर आले. दहा अक्रोड टोपलीत पडले. मंडळाचा म्होरक्या, कपाळावर दिवा बांधलेला उंच गृहस्थ, अक्रोड टाकता टाकता म्हणाला, "मादाम, तुमचं डावं-उजवं एकदा तपासून घ्या बरं." बाकीचे हसले. शहरातली माणसं म्हातारीची थट्टा करतात असं समजून लेओंतीन ओठ मुडपून पुढे चालू लागली. जिस्लेन म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी सावलीत बसते, जेवायला माझ्या गाडीने येते. तिचा अक्रोड तिच्याच मुठीत होता, म्हणून कुलूप परतल्यावर लावायचं राहिलं. मग तासभर माळावरची फुलं, शिळांचा मांडव, वर घिरट्या घालणारी घार. मंडळी तिथूनच टेकडी उतरून पलीकडच्या गावी जेवायला गेली.

लेओंतीन कुलूप लावायला परतली. टोपलीत दहाच अक्रोड. तिने पुन्हा मोजले. तोंडाशी कोणी नव्हतं. चर्चपुढच्या झाडाखाली जिस्लेनची निळी गाडी तशीच उभी होती. आणि तोंडाशी लोकांसाठी हुकांना अडकवलेल्या टॉर्चपैकी एक नव्हता.

तिने भुयारात तोंड घालून हाक मारली. पुन्हा मारली, पण आतून काहीच आलं नाही. बातिस्त अंगणात खुर्ची टाकून बसला होता. बाई आत आहे आणि बोलत नाही हे ऐकून तो काठी टेकत उठला.

"अगं, मग जाऊन बघ ना. तुला तर पाठ आहे."

"तू अग्निशमनवाल्यांना फोन कर. आधी फोन कर."

"त्यांना यायला पाऊण तास लागेल."

"कर म्हटलं ना, बातिस्त."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग फोनकडे गेला. ती भुयाराच्या तोंडाशी उभी राहिली. पाऊण तास, असं ती स्वतःला सांगत होती. ते येतील, त्यांचं कामच आहे ते, माझे गुडघे दुखतात, माझं वय झालं. तेवढ्यात आतून आवाज आला. लाकूड कुरकुरल्याचा. आत सगळा दगड, लाकूड एकच, हौदावरची फळी. बाई फळीवर कशाला जाईल? मी तिला डावीकडे सांगितलं, फळी उजवीकडे.

म्होरक्याचं बोलणं तेव्हा कुठे तिच्या डोक्यात शिरलं. पाठोपाठ ओनोरे दिसला, तिच्याकडे तोंड करून भुयारात मागे मागे सरकणारा. त्याची पाठ आत होती. त्याने सांगितलेली डावी त्याची होती. आत तोंड करून जाणाऱ्याची ती उजवी. नऊ वर्षं ती लोकांना हौदाकडे पाठवत होती आणि एक कुजकी दोरी त्यांना वाचवत होती. आज दोरी नव्हती. त्या बाईला काही झालं तर ते हौदाने केलेलं नसणार.

उरलेल्यांतला एक टॉर्च घेऊन ती आत शिरली. शूरपणाने नव्हे, बाहेर उभं राहणं अशक्य झालं म्हणून. वाकून पहिली पाच पावलं गेली आणि मागचा उजेड अर्धा झाला. छत पाठीला लागलं. तोंडात राखेची चव आली. तिने पावलं मोजायचा प्रयत्न केला, सोळाच्या पुढचा आकडा आठवेना, पुन्हा सोळा म्हणाली. मग छत खाली आलं आणि रांगावं लागलं. टॉर्च दातात धरून ती गुडघ्यांवर सरकू लागली. दोन्ही खांदे एकाच वेळी दगडाला टेकले तेव्हा ती थांबली. पुढे होईना, मागे होईना. डोळे मिटून ती ओनोरेला मनातल्या मनात शिव्या देऊ लागली, तुझी किल्ली, तुझं भुयार, तू मोकळा झालास, मेल्या. शिव्या देता देता शरीर कधी पुढे सरकलं ते तिला कळलं नाही.

फाटा आला. उजवीकडे टॉर्च मारला तर गोल दालन आणि दगडी बाक, ओनोरेने सांगितलं होतं तसंच. डावीकडे जिस्लेन बसली होती. एक पाय दुमडलेला, दुसरा तुटलेल्या फळीत मांडीपर्यंत अडकलेला, पाठ भिंतीला चिकटलेली. तिचा टॉर्च हौदात पडून कधीच विझला होता. डोळे उघडे होते, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. फळीचा उरलेला तुकडा हौदाच्या काठावर हलत होता.

लेओंतीनने टॉर्च खाली ठेवला, पोटावर पडून तिच्या दोन्ही काखांत हात घातले आणि ओढलं. पाय सुटला. फळी खाली गेली आणि पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. दोघी भिंतीला टेकल्या. मग जिस्लेनला वाचा फुटली.

"घाबरण्यासारखं काही नाही म्हणालात, म्हणून आले. तुम्ही डावीकडे म्हणालात."

"चुकीचं सांगितलं. मी इथे कधी आलेलेच नाही. मला या भुयाराची फार भीती वाटते."

"मग आज कशा आलात?"

"एक अक्रोड कमी होता."

जिस्लेनने मूठ उघडली. अक्रोड तिच्या घामाने ओला झाला होता.

निघताना तिचा पाय धड टेकत नव्हता आणि अंधारात एकटीने पुढे व्हायला ती तयार होईना. मागून यायलाही तयार होईना. मला तुमचं तोंड दिसलं पाहिजे, एवढंच ती म्हणत होती. म्हणून लेओंतीन तिच्याकडे तोंड करून बाहेरच्या दिशेला उलटी सरकू लागली. टॉर्च दोघींच्या मधे ठेवत ती बोलत राहिली. आता डोकं खाली, आता गुडघा इकडे, अजून थोडं, माझ्याकडे बघा. गुडघे सोलवटले, खांदे पुन्हा अडकले. पण समोर एक घाबरलेलं तोंड होतं आणि ते तिच्या तोंडावर विसंबलं होतं. झिंगा तीस वर्षं असा का चालत होता, ते तिला तिथे कळलं. ती रडू लागली, आणि रडता रडताही डोकं खाली, डोकं खाली असं सांगत राहिली.

बाहेर बातिस्त उभा होता. अग्निशमनच्या गाडीचा भोंगा टेकडीखालून ऐकू येत होता. जिस्लेनने आधी अक्रोड टोपलीत टाकला आणि मग ती गवतावर आडवी झाली. लेओंतीनच्या हातून कुलपात किल्ली शिरेना. शेवटी बातिस्तने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी बाजार नसतानाही तो शहरात गेला आणि दोरी आणि ओकची जाड फळी घेऊन आला.

त्याच दिवशी लेओंतीनने किल्ली महापौरांच्या टेबलावर ठेवली आणि पावभट्टीपासून सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता तरी भुयार माहीत आहे का? ती म्हणाली, एकदा गेले आहे, अजून भीती वाटते. त्यांनी किल्ली तिच्याकडे परत सरकवली, मात्र यापुढे कोणाला एकट्याने आत सोडायचं नाही, अशी अट घातली.

पुढच्या महिन्यात सात जण आले. लेओंतीनने सात अक्रोड वाटले, आठवा स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकला आणि टोपली बातिस्तच्या मांडीवर ठेवली. मग ती लोकांकडे तोंड करून भुयाराकडे पाठीने निघाली. भुयाराची भीती वाटते, हे तिने सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं.

"रांगून झालं की फाटा येईल," ती म्हणाली. "तिथे उजवीकडे वळायचं. तुमच्या उजवीकडे, माझ्या नाही."