अर्ध्या विमानाचा मालक

पद्माकर गेल्याचं डॉक्टर विल्फ्रेडनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. "पद्माकर गेला. सकाळी. घरीच," एवढंच बोलून ते थांबले. त्यातलं 'घरीच' त्यांनी मुद्दाम घातलं होतं, हे मला पुढच्या काही दिवसांत कळलं. ज्याला म्हणून सांगावं तो आधी डोळे मोठे करून विचारायचा, "विमान पडलं का?" नाही हो, नाही पडलं. चहा पिऊन झाला, पेपर उघडला आणि मान एका बाजूला कलली. साठी ओलांडलेली माणसं जशी जातात तसाच तो गेला. पण लोकांना ते पुरेसं वाटत नव्हतं. स्मशानातसुद्धा एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "नक्की घरीच ना?" मी त्याच्यावर खेकसलो. चांगलाच खेकसलो, आणि त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

आमची ओळख ठाण्याच्या कॉलेजातली. तो डोंबिवलीच्या खाडीकडच्या गावातला आगरी, मी मास्तरांच्या घरातला. कॉलेज सुटलं की टेंभी नाक्यावर वडापाव खायचा आणि मग आपापल्या वाटेनं जायचं, अशी चार वर्षं गेली. त्याच्या मामाचं घर कल्याणच्या पलीकडे होतं, आणि त्या बाजूला युद्धाच्या काळातली एक धावपट्टी पडून होती. त्याच्या लहानपणी तिथं गुरं चरायची. सायकल, मग स्कूटर, मग ट्रक, सगळं तो तिथं शिकला. विमान मात्र त्यानं त्या पट्टीवर एकदाही पाहिलं नाही. "एवढा सरळ रस्ता, आणि जायला कुठंच नाही," असं तो म्हणायचा. पुढं गावातल्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या. कुणी बंगले बांधले, कुणी शर्यतीचे बैल घेतले, कुणी गळ्यात दिसेल एवढं सोनं घातलं. पद्माकर पन्नाशीला टेकला असताना विमान चालवायला शिकला, आणि ठाण्यात दातांचा दवाखाना असलेल्या, स्वतःही विमान चालवणाऱ्या डॉक्टर विल्फ्रेडबरोबर त्यानं दोन सीटचं एक जुनं विमान भागीत घेतलं. गावानं त्याला सोडलं नाही. "कनचा अर्धा तुजा रं, पुरचा का मागचा?" हे त्याला लग्नात, बारशात, दहाव्याला, सगळीकडे ऐकावं लागलं. "पंखा माझा, शेपटी डॉक्टरची," असं त्याचं ठरलेलं उत्तर होतं.

विमान असणं म्हणजे रोज आकाशात असणं, असं मलाही वाटायचं. खरं तर विमान असणं म्हणजे बहुतेक वेळ ते पुसत बसणं. मोठ्या विमानतळामुळे आपल्या या पट्ट्यात अशा खेळण्यांना वर फिरकू देत नाहीत. त्यामुळे ते ठेवलेलं होतं घाट चढून पलीकडे, पठारावरच्या एका लहानशा धावपट्टीवर. अर्धा दिवस गाडी चालवून जायचं. मग कधी परवानगीचा कागद आलेला नसायचा, कधी वारा आडवा असायचा, कधी मेकॅनिकच्या मेव्हण्याचं लग्न निघायचं. पद्माकर चिडायचा नाही. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढून उन्हात धरायचा, खाली पाण्याचा थेंब बसलाय का बघायचा. मग पंख्यापासून शेपटीपर्यंत बोट फिरवत विमानाला एक फेरी घालायचा. मी दोनदा त्याच्यासोबत वर गेलो. दोन्ही वेळा डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे त्याच्या उड्डाणकौशल्याविषयी मला काहीही सांगता येणार नाही. स्वतःच्या गावावरून मात्र तो एकदाही उडू शकला नाही. त्याची त्याला खंत नव्हती. त्याला एकच हवं होतं, वनितानं एकदा शेजारच्या सीटवर बसावं.

वनिता म्हणजे त्याची बायको. गावात तिच्या हाताला मान आहे. कुणीही नवी गाडी घेतली, रिक्षा असो की डंपर, पहिलं कुंकू वनितावयनीच्या हातचं लागतं. नवरीची गाडीसुद्धा तिनं कुंकू लावल्याशिवाय हलत नाही. ही बाई विमानाला मात्र भ्यायची. "चाकं भुईला लागलेली बरी," म्हणायची. पद्माकरनं तिची कितीतरी वर्षं मनधरणी केली, आणि एका दसऱ्याला ती तयार झाली. मीही गेलो होतो. तिनं गावदेवीचा अंगारा नेला होता, झेंडूच्या माळा नेल्या होत्या. पद्माकरनं नेहमीसारखी फेरी घालून तपासणी केली आणि मग तो म्हणाला, "आता तुझं चालू दे." तिनं चाकांना, पंख्याला, दाराला ओलं कुंकू लावून वर अक्षता चिकटवल्या. पंखाच्या खाली एक बोटाएवढी नळी पुढं आलेली असते, तिच्या टोकालाही लावलं. तिथं कुंकू लावायला जागा आहे असं कुणालाही वाटलं असतं. दोघं आत बसली. विमान धावपट्टीवर वेगात निघालं... आणि मध्येच हळू होत थांबलं, वळून परत आलं. वनिता खाली उतरली. "इंजिनाचा आवाज बरोबर वाटला नाही," पद्माकर म्हणाला. ती म्हणाली, "देवीला नाय पटलं." तिनं त्याच जागी देवीला हात जोडले आणि त्यानंतर पद्माकर असेपर्यंत ती त्या धावपट्टीवर परत आली नाही.

इंजिनाला काहीही झालं नव्हतं. त्या नळीतून वारा आत जातो, त्यावरून विमानाचा वेग समजतो. नळीच्या तोंडात ओलं कुंकू आणि तांदळाचा दाणा बसला होता, आणि वेगाचा काटा शून्यावरून हलला नव्हता. तपासणी आधी झाली, पूजा नंतर... एवढीच काय ती चूक. मला हे परतताना, घाटात चहाला थांबलो तेव्हा त्यानं सांगितलं. वनिता गाडीतच झोपली होती. मी म्हटलं, "अरे मग सांग ना तिला! साफ कर आणि पुढच्या आठवड्यात परत आण." त्यानं उरलेला चहा बशीत ओतला. "सांगितलं तर ती परत कुठल्या गाडीला कुंकू लावणार नाय," म्हणाला. "लोकं तिला बोलवतात रे. तिला ते आवडतं." मला त्याचा राग आला. इतक्या वर्षांची हौस, आणि ती याच्या मुकेपणापायी वाया जाणार! पण त्याचं ठरलेलं होतं. पुढच्या एक-दोन दसऱ्यांना त्यानं तिला "येतेस का?" असं सहज विचारलं, तिनं देवीचं नाव घेतलं, मग त्यानं विचारणं सोडून दिलं. शेजारच्या सीटवर तो डबा आणि पाण्याची बाटली ठेवायचा.

तेराव्यानंतर मी भेटायला गेलो. घरात माणसांची ये-जा थांबली होती. डॉक्टर विल्फ्रेडही आले होते. वनिताच्या मनात असेल तर पद्माकरचा अर्धा भाग विकायची सोय करतो, असं ते म्हणाले. ती चहाचे कप उचलून आत गेली. ते गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"भावजी, मना ठावं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या नलीचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यांचा रुमाल धुवाया घेतला, तर त्यात कुंकू आनि तांदलाचा दाना. नलीला मीच बोट टेकवलेलं, आनि यांनी पुसलं तेवढंच. मना कललं नसंल व्हय?"

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"यांनी माजा मान ठेवला, भावजी. मी बोल्ले असते तर यांना वाटलं असतं, एवढं झाकलं ते फुकट गेलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "आनि खरं सांगू? भ्याव पन वाटायचं. देवीचं नाव घ्यायला बरं परलं." मग एकदम म्हणाली, "डाक्टरांना सांगा, इकायचं नाय. आनि मना एकदा वर न्या."

इतकी वर्षं एका घरात दोघं एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होती. मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. पद्माकरला हे कळायला हवं होतं, असं मला फार वाटलं. अजूनही वाटतं.

गेल्या रविवारी आम्ही तिघं घाट चढून गेलो. डॉक्टर फेरी घालायला निघाले तर वनितानं त्यांना अडवलं. "आधी मी लावते, मंग तुमी तपासा." तिनं चाकांना लावलं, पंख्याला लावलं, नळीपाशी आल्यावर हात मागं घेतला. डॉक्टरांनी सगळं तपासलं, पेट्रोल उन्हात धरून पाहिलं. मग दार उघडून त्यांनी डाव्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या सीटवरची एक चौकोनी उशी उचलली आणि सवयीनं मागं टाकायला निघाले. डॉक्टर चांगले सहा फुटी, पद्माकर चणीनं लहान. उशी घेतल्याशिवाय त्याला समोरचं दिसायचं नाही, म्हणून ती कायम तिथं असायची.

"थांबा," वनिता म्हणाली. "ही माजी उशी."

तिच्या जुन्या सुती साडीची, तिनं स्वतः शिवलेली उशी होती ती. ओटीवरच्या झोपाळ्यासाठी केलेली. त्या दसऱ्याला पद्माकर या उशीवरच बसला होता, म्हणून ती तिच्या नजरेला पडली नव्हती. ती सापडेना म्हणून एकदा तिनं कामवालीला नको नको ते बोल लावले होते, आणि पद्माकर तेव्हा शेजारी बसून पेपर वाचत होता म्हणे! ती उशी मांडीवर घेऊनच ती उजव्या सीटवर बसली. डॉक्टरांनी तिचा पट्टा लावला. विमान धावलं, या वेळी काटा हलला असणार, कारण ते उचललं गेलं. मी खाली उभा होतो. या वेळी मी डोळे उघडे ठेवले होते.

विमान खाली येऊन थांबलं, डॉक्टर उतरले, तरी ती सीटवरच बसून राहिली. वर तिनं एकदाच विचारलं होतं म्हणे, आमचं गाव कुठल्या अंगाला, आणि डॉक्टरांनी पश्चिमेला हात केला होता. तिकडे नुसतं धुरकट होतं. मग तिनं मांडीवरची उशी चाचपली. "कापसाच्या गाठी झाल्यात," म्हणाली. "पुढच्या वेलेला पिंजून आनते." उशीच्या मधोमध पद्माकरच्या बसण्यानं पडलेला खळगा होता. त्यावरून तिनं एकदा हात फिरवला.

"नको. राहू दे अशीच," ती म्हणाली आणि वाकून तिनं ती परत डाव्या सीटवर ठेवली.