नावावरची पट्टी

लॅबमध्ये किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. काउंटरवर बसलं की ते आपल्या पायांनी जिना चढून येतात, सोबत एक फाइल आणि घाबरलेला नवरा घेऊन. घाबरलेला माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. आम्ही हसतो. हसताना आमचीही टरकलेली असते, ते सोडा.

पालघरच्या बाजारात, मेडिकलच्या वर आमची लॅब. पॅथॉलॉजिस्ट मॅडम, आणि मी नि नितीन असे दोन टेक्निशियन. थायरॉइडला, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीला गाठ आली की डॉक्टर आमच्याकडे पाठवतात. मॅडम बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून काचेवर पसरवतात. काही गाठींचं असं असतं की साधी कुठली आणि कॅन्सरची कुठली, ते पेशी नुसत्या बघून कळत नाही. म्हणून मॅडमनी मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून घेतला. स्क्रीनवर पेशीच्या केंद्राभोवती माउसने गोल काढायचा, कॉम्प्युटर माप सांगतो. केंद्रं मोठी आणि वेडीवाकडी भरली तर संशय वाढतो. मॅडम बजावतात, "माप म्हणजे निकाल नाही. माप म्हणजे एक जादा साक्षीदार."

*

सरावलीहून एक नवरा-बायको आले होते. नवरा बोईसरच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला, गाठ बायकोला. हा माणूस दिवसभर मापंच घेतो, त्यामुळे स्क्रीन बघून त्याला जरा धीर आला. म्हणाला, "मॅडम, टॉलरन्स कितना है?"

मॅडमना कळेना. मग त्याने समजावलं, की जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, ठरलेल्या मापापेक्षा इतका कमी-जास्त चालतो, त्याच्यापुढे रिजेक्ट. मॅडमनी खरं ते सांगितलं. इथे चांगली पेशीही मोठी असू शकते, वाईट पेशीही लहान असू शकते, दोघींची मापं मध्ये एकमेकींत घुसतात.

त्याचा चेहराच पडला. "फिर तो मॅडम, ऐसा जॉब हमारे यहाँ कोई पास नहीं करेगा."

बायको गळ्यावर हात ठेवून कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "मैं जॉब नहीं हूँ."

गाठ साधीच निघाली. पण रिपोर्ट मिळेपर्यंत तो माणूस जिन्यावरच बसून होता. बायको आत पंख्याखाली, हा बाहेर.

*

एकदा कॅमेऱ्याची सर्व्हिसिंग झाली आणि त्या दुपारी येईल ती पेशी अवाढव्य भरायला लागली. पहिली गाठ वाईट, दुसरी वाईट, तिसरीही वाईट. नितीन 'पुन्हा मोज, पुन्हा मोज' करत राहिला. मी एका हाताने माउस धरला होता आणि दुसऱ्या हाताने स्वतःचाच गळा चाचपत होतो. ही सवय आमच्याकडे सगळ्यांना आहे, मॅडमनासुद्धा.

मॅडम आल्या आणि त्यांनी काचेवरची एक लाल पेशी मोजायला लावली. रक्तातली लाल पेशी सगळ्यांची जवळपास सारखीच असते, म्हणून ती आमची फूटपट्टी. तीही फुगलेली भरली.

"घ्या, आता रक्तालाही कॅन्सर झाला," मॅडम म्हणाल्या.

सर्व्हिसवाला कॉम्प्युटरमधलं मापाचं स्केल दुसऱ्या लेन्सवर ठेवून गेला होता. रिपोर्ट एकही बाहेर गेला नव्हता. तरी नितीनने डबा तसाच घरी परत नेला.

*

जयवंती मावशी सातपाटीच्या. खाली बाजारात मासळी विकायच्या. त्यांची हाक बंद खिडकीतूनही आत यायची, आणि मॅडम मायक्रोस्कोपवरून मान न उचलता सांगायच्या, "आज बोंबील आलेत वाटतं." त्या मावशी एक दिवस पदराने गळा झाकून वर आल्या.

मॅडम म्हणाल्या, "सुई आत असताना बोलायचं नाही, गिळायचं नाही."

"बोलायचा नाय? बाई, माजा धंदाच बोलायचा हाय."

त्यांना सर्जनने आधीच सांगून ठेवलं होतं. आवाजाची नस या ग्रंथीच्या मागूनच जाते. बहुतेक वेळा वाचते, पण एखाद्या वेळी आवाज बसतो तो बसतोच. आमच्याकडून संशय कमी आला तर थांबून लक्ष ठेवायचं, जास्त आला तर ऑपरेशन. मावशींनी हे सगळं आपल्या भाषेत करून घेतलं होतं. "कापला तर आवाज जाईल, नाय कापला तर मी जाईन. तुमी आपले नीट मोजा."

*

आमच्याकडे एक रीत आहे. एकच काच दोघांनी वेगवेगळी मोजायची, आकडा एकमेकांना सांगायचा नाही, आणि शेवटी एक-दोन-तीन म्हणून एकदम बोलायचं. लहान पोरांचा खेळ वाटतो, पण त्याने चूक सापडते.

मावशींची काच मॅडमनी आणि मी मोजली. एक-दोन-तीन. दोघांचं माप लहान, आणि जवळपास सारखं. मॅडमनी खुशीत चहा मागवला.

नितीन त्या दिवशी उशिरा आला. काच मायक्रोस्कोपखाली लावलेलीच होती; कुणाची हे न सांगता मॅडमनी त्यालाही स्क्रीनवर मोजायला लावली. त्याचं माप भलतंच मोठं आलं. आम्ही स्केल तपासलं, लाल पेशी मोजली, सगळं जागेवर होतं.

मग मॅडमनी तिघांनी काढलेले गोल स्क्रीनवर शेजारीशेजारी लावले. त्यांचे आणि माझे गोल छोट्या, गोंडस, शहाण्या पेशींभोवती होते. शेजारच्या मोठ्या वेड्यावाकड्या पेशी आम्ही दोघांनी सोडून दिल्या होत्या. एकमेकांशी एक अक्षरही न बोलता!

"मापं बरोबर आहेत," मॅडम हळूच म्हणाल्या. "पेशी आपण निवडून घेतल्या."

रिपोर्ट थांबवला. मावशींना दुसऱ्या सुईसाठी बोलावलं. लॅबमध्ये नवा नियम आला, काचेवरच्या नावावर पट्टी चिकटवायची, फक्त नंबर उघडा. चार जणांच्या काचा एकत्र करायच्या आणि मग मोजायच्या. त्या दिवशी मला फार भीती वाटली. गाठीची नेहमीच वाटते, पण ही भीती स्वतःच्या हाताची होती.

*

मावशी आल्या, खुर्चीत टेकल्या, मान मागे केली. मी ट्रेमध्ये काचा मांडत होतो. तिरक्या नजरेने त्यांनी बघितलं.

"माजा नाव का रं झाकलास?"

खोटं बोलवेना. "मावशी, नाव दिसलं की आम्हाला तुमची माया येते. मग हात बारीक पेशींकडेच जातो. म्हणून झाकलं."

 खाली बाजारात त्यांच्या जागेवर सून बसली होती. तिची हाक खिडकीपर्यंत पोचत नव्हती, मधेच कुठेतरी विरत होती. मावशी कान देऊन ऐकत राहिल्या. मॅडमनी हातमोजे चढवले, गळ्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला.

मावशींनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात बर्फात घातल्यासारखा गार होता.

"येक कड उघडी ऱ्हाऊ दे पट्टीची," त्या म्हणाल्या. "सगलीच नको झाकू. वायच माया ऱ्हाऊ दे."

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी सुई उचलली आणि म्हणाल्या, "मावशी, आता अजिबात बोलायचं नाही."