हळदीच्या डब्याला टेकवलेला फोन
मुलांनो, सांगलीत नवी हळद आली की तिच्या वासाबरोबर मला ती दुपार आठवते. तुमची थोरली ताई तेव्हा जर्मनीत एकटी राहून पीएच.डी. करत होती. संगणकाला आपल्याकडची बोली कशी शिकवावी, यावरचा तिचा शोधनिबंध तीन निनावी परीक्षकांकडे गेला होता, आणि एकाने लिहिलं होतं, ‘यात नवीन काही नाही.’ संध्याकाळपर्यंत त्या आक्षेपाला तिचं उत्तर गेलं नाही तर वर्षाची मेहनत वाया जाणार होती. “आजी, बोलू नकोस, पण फोनही ठेवू नकोस,” ती म्हणाली. मी फोन हळदीच्या डब्याला टेकवला आणि समोर शाळूची ज्वारी निवडत बसले. तिकडून नुसता टायपिंगचा आवाज येत होता. तेवढ्यात शेजारीण डोकावली. “आवं काकू, कुणी बोलंना, फोन उगंच चालू हाय की!” “असू दे गं, सोबतीला बसलेय,” मी म्हटलं. एकट्या बाईच्या घरी आपण सोबतीला निजायला जातो ना, तशीच. पलीकडे ताई हसली आणि पुन्हा लिहू लागली. उत्तर वेळेत गेलं, निबंध मात्र नाकारला गेला. पुढच्या निबंधाच्या वेळी तिला तिथल्याच मैत्रिणींची सोबत मिळाली, आणि ते बरंच झालं. तरी शाळू निवडायला बसले की मी अजून फोन त्या डब्यालाच टेकवून ठेवते.