आईला ताटावर बसवताना

त्या वर्षांत परदेशी मालिकांचं ॲनिमेशन पुण्यात व्हायला लागलं होतं. गोष्ट, चित्रं, आवाज सगळं तिकडून यायचं. पात्रांना हलवायचं काम आमचं. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेली. घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि त्यानंतर वर्षभराचा कॉम्प्युटरचा कोर्सही घरच्यांनी करू दिला, याचंच मला अप्रूप होतं. हडपसरच्या एका कंपनीने मला सहा महिने शिकाऊ म्हणून घेतलं. सहा महिन्यांनी कायम करायचे, नाहीतर निरोप द्यायचे.

मालिका एका अचाट शक्तीच्या कुटुंबाची होती. बाबा उडायचे. आईच्या तळहातातून वीज निघायची. मुलगी भिंतीतून आरपार जायची आणि धाकट्याला अजून काहीच येत नव्हतं. पहिल्या आठ भागांत आई आपली शक्ती लपवून ठेवते. संकट तिच्यामुळे टळतं आणि हारतुरे नवऱ्याला मिळतात. नवव्या भागात, घरी जेवताना, ती सांगते की उद्यापासून मीही बाहेर पडणार. आई बदलते ती इथे, असं तिकडच्या लोकांनी मुद्दाम लिहून पाठवलं होतं. तो शॉट पाचव्या महिन्यात माझ्याकडे आला.

सोबत आलेलं कच्चं चित्र पेन्सिलीचं होतं. एक टेबल, चार खुर्च्या, डोक्यांचे चार गोल. बाकी माझ्यावर सोपवलेलं.

मी चार दिवस खपून तो शॉट केला. आई भांडं घेऊन टेबलाभोवती फिरते, एकेकाला वाढते, आणि धाकट्याच्या ताटावर डाव थांबवून ते वाक्य बोलते. भांड्याचं वजन मनगटात दिसावं म्हणून एक दिवस नुसता हातावर घालवला. चौथी खुर्ची रिकामी राहत होती आणि तिच्यासमोरचं ताट विचित्र दिसत होतं, म्हणून ते मी दृश्यातून काढून टाकलं.

आमचे टीम लीड भवानी पेठेतले. तीन पिढ्यांचं त्यांचं बॅगांचं दुकान होतं. आम्हा शिकाऊंना ते अहो-जाहो करायचे आणि त्याच आदराने अपमानही करायचे. पण तो शॉट पाहून ते खूश झाले.

"वाढणारा हात अगदी खरा आलाय. काय मॅडम, तिकडे कॉलेजात वाढपाचा विषय होता का?"

खोलीत आठ जण होतो. सगळे हसले. शॉट गेला.

तिसऱ्या दिवशी तिकडून एका ओळीचं उत्तर आलं. आईचं ताट कुठे आहे?

लीडनी शॉट पुन्हा चालवून पाहिला. "आठ जण होतो आपण," ते म्हणाले. "एकालाही दिसलं नाही, माझ्यासकट. आमच्याकडेही अम्मी शेवटीच बसते." मग आवाज नेहमीसारखा करून म्हणाले, "पण रिटेक तुमच्या नावावर लागणार. हा परत आला तर तुमच्या कायम होण्याच्या पत्रासाठी मला शब्द टाकता येणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

मी आईला खुर्चीवर बसवलं, समोर ताट ठेवलं. ती पाहुणी वाटायला लागली. पाठ ताठ, हात मांडीवर. आमच्या कामात आधी आरशासमोर स्वतः करून बघतात, म्हणून मी डबा घेऊन आरशासमोर बसले. ते वाक्य म्हणताना दर वेळी माझा घास खाली ठेवला जायचा, परवानगी मागितल्यासारखा. माझ्या घरी आई सगळ्यांचं झाल्यावर बसायची. त्यात कुणी तिला दुखवत होतं असं नाही. पण जेवता जेवता घरच्यांना काही सांगून टाकणारी बाई मी पाहिलेली नव्हती.

लीड मागून जाताना थांबले. "आरसा सोडा. त्यात तुम्हीच दिसणार. माणसं जेवताना बघून या."

दुपारी दोनला सफाईच्या बायका जिन्याखाली जेवायला बसायच्या. मी डबा घेऊन त्यांच्यात जाऊन बसले. त्यांतली एक लोणी काळभोरहून यायची. तिचंच बोलणं चाललं होतं.

"जूनपासून पोरगी कालेजात जानार. ठरलं हाय. घरी सांगून टाकलं काल."

"आन् सासू?"

"तिला बी सांगितलं."

"मालक गं? गप बसलं?"

"बसलं का उठलं, म्या नाय बघितलं. म्या जेवत व्हते. ठेचा दे गं हिकडं."

बाकीच्या तिघींचे हात थांबले होते. तिचा थांबला नव्हता. भाकरी मोडत, मान वर न करता ती बोलत होती. ज्याचं ठरलेलं असतं तो जेवत राहतो, थांबतात ते बाकीचे, एवढं मला तिथे कळलं.

वर येऊन मी शॉट नव्याने केला. आई पाव मोडते, वाक्य बोलते, घास तोंडात घालते. नवऱ्याचा ग्लास हवेत राहतो. मुलं एकमेकांकडे बघतात. आई दुसरा तुकडा मोडते.

उत्तर यायला पाच दिवस लागले. तेवढे दिवस स्वारगेटजवळच्या खोलीच्या मालकीणबाईंना मी पुढच्या महिन्याचं काही पक्कं सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी लीड माझ्या टेबलापाशी आले. "शॉट पास आहे. तुमच्या पत्राचं मी वर सांगितलंय, या आठवड्यात मिळेल. आणि यापुढे आईची सगळी दृश्यं याच हाताकडे द्या, असं ते म्हणतायत. तेव्हा आई तुमच्याकडे. सांभाळा. आम्हा बाकीच्या सात जणांच्या हाती देऊ नका."

मी त्यांचे आभार मानले. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुपारी लोणीच्या बाईंना बोलावून मी तो शॉट दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला.

"मोडती चांगली," त्या म्हणाल्या. मग ग्लास धरून बसलेल्या नवऱ्याकडे बोट केलं. "ह्यो काय बोलला मंग?"

"ते पुढच्या दृश्यात आहे. अजून करायचंय."

"कोन करनार?"

"मीच."

"मंग त्याला लई बोलू देऊ नका," असं म्हणून त्यांनी बादली उचलली. संवाद तिकडून ठरून येतात, हे मी सांगायच्या आत त्या पुढच्या खोलीत गेल्या होत्या.