पावण्यांची खोली

पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, धाराशिवच्या एसटी स्टँडवर माझ्या आतेभावावर अन्याय झाला. करणारा दुसरा कुणी न्हाय, मी. आणि ज्याच्यावर केला, त्याच्याइतका चक्रम डॉक्टर उभ्या मराठवाड्यात सापडणार नाही, हे सही करून लिहून देतो.

हा गृहस्थ शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ज्युनिअर डॉक्टर. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी दादा म्हणतो. धडधाकट माणूस दिसला की याला चैन पडत नाही. एका लग्नाच्या पंगतीत माझ्या मामांना म्हणाला, "मामा, तुम्ही जरा बेशुद्ध पडा बरं." मामा पडले. मामीनं खरोखरचा हंबरडा फोडला, तर यानं तिलाच शाबासकी दिली, "सरावाला नातेवाईक असाच पायजे!" पुढं त्यानं पोत्यात फोम कोंबून, छातीत फुटबॉलचा ब्लॅडर घालून एक बाहुला शिवला. नाव ठेवलं 'पावणे'. पेशंट म्हटलं की नवी डॉक्टर पोरं घाबरतात, म्हणून. गावाकडून, तामलवाडीहून, पावण्यांना मांडीवर बसवून एसटीनं आणलं तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "जिवंत हाय का? तिकीट फाडू?" दादा गंभीरपणे म्हणाला, "सोमवारी ठरंल."

दर सोमवारी आपली ड्युटी संपली की दादा अन् बाकीची ज्युनिअर डॉक्टर मंडळी दवाखान्याच्या मागच्या खोलीत जमायची. मोठे डॉक्टर कुणी नाहीत. बरोबरीच्यांनीच बरोबरीच्यांना शिकवायचं. पावण्यांचा श्वास बंद पडायचा, कुणाचा तरी हात थरथरायचा, इंजेक्शन चुकायचं, पावणे दगावायचे. मग सगळे गोल बसून कुठं चुकलं ते बोलायचे. ओरडायचं नाही, हसायचं नाही. दादाचा कायदा एकच: ज्याच्या हातून चूक झाली, त्याला पहिला चहा.

मी खिडकीतून पाहिलं ते एवढंच: बाहेर पेशंटची रांग, आत डॉक्टर चहा पिताहेत, अन् मधोमध बाहुला. कुणाला विचारलं? न्हाय. सरळ पत्रक छापलं. 'जनता रांगेत, डॉक्टर बाहुलीच्या खेळात! जाब विचारा!' स्टँडवर उभा राहून मीच वाटलं, छाती काढून. चार दिवसांत खोलीला कुलूप लागलं. पावणे अडगळीत गेले.

परवा त्याच खोलीत शिकलेल्या एक डॉक्टर ताई मला भेटल्या. म्हणाल्या, "माझा हात पहिल्यांदा थरथरला तो त्या पोत्यावर. आता नवी पोरं आलीत. त्यांचा हात पहिल्यांदा कुणावर थरथरू द्यायचा, तेवढं तुमच्या पत्रकात लिहा की."

तसाच दादाच्या राहत्या खोलीवर गेलो. त्याचे तीन-चार दोस्त बसलेले. त्यांच्यादेखत म्हणालो, "दादा, शिव्या घाल." तो शेगडीपाशी गेला. चहा गाळला. दोस्तांना ओलांडून पहिला कप माझ्यापुढं ठेवला.

"घे लेका. निवल."

एवढंच बोलला.

तर वाचणाऱ्यांनो, ते पत्रक तुमच्या घरात कुठं पडलं असंल तर फाडू नका. त्याची मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर 'खोली उघडा' लिहा, खाली सही करा, अन् येत्या सोमवारच्या आत दवाखान्याच्या तक्रारपेटीत टाका. पहिला कागद मी टाकलाय. तुमचा टाका.