सैल न केलेला गज

ध्यानकेंद्रातली माणसं तिला पाठीमागे ‘भागूबाई’ म्हणत आणि समोर आली की ‘वहिनी’. दोन्ही नावं तिला ठाऊक होती. भित्री भागूबाई म्हणतात ती मीच, असं ती स्वतःच हसून सांगायची. हसतानाही तिचा हात पर्सच्या बंदावर घट्ट असायचा.

लिफ्टमध्ये ती जन्मात एकटी चढली नाही. गॅस बंद केला की नाही ते पाहायला अर्ध्या जिन्यावरून परत फिरायची आणि गॅस बंद दिसला की तिला आणखीच धडकी भरायची. गॅस बंद आहे, मग राहिलंय काय, या विचाराने ती सगळं घर पालथं घालायची. फोन वाजला की आधी चेहरा पडायचा, मग फोन उचलला जायचा. लोकांचे कपडे शिवून तिने निम्मा संसार चालवला होता. मशीनवर बसली की हात स्थिर आणि टाका सरळ. मशीनवरून उठली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तिच्या पर्समध्ये टॉर्च होता, मेणबत्ती होती, पट्ट्या, मलम आणि ग्लुकोजची पुडी होती. ‘‘हिच्या पर्समध्ये फक्त डॉक्टर तेवढा मावत नाही,’’ असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा. माणसं हसायची. हसणाऱ्यांना सांगायला हवं की ग्लुकोजची पुडी त्याच्यासाठीच होती.

नवरा म्हणजे मास्तर. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेला, व्हायोलिन वाजवणारा, साखरेच्या आजाराचा आणि महाहट्टी माणूस. इन्सुलिन टोचून घ्यायचं आणि वर खायला टाळाटाळ करायची, ही त्यांची खोड. दर आठवड्याला केंद्राच्या हॉलमध्ये मैफल व्हायची आणि बहुतेक वेळा मास्तरच वाजवायचे.

या मैफलीला टाळ्या नसत. शेवटचा सूर थांबला की सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि मौन पाळायचं. मौन संपवायचा अधिकार केंद्र चालवणाऱ्या एकट्या थोरल्या ताईंचा. मंचाच्या कोपऱ्यात त्यांच्या आसनाजवळ पितळेची मोठी घंटा टांगलेली होती, शेजारी लाकडी हातोडी. ताईंना आतून वाटलं की त्या एक ठोका द्यायच्या. कधी लवकर वाटायचं, कधी माणसांच्या पायांना मुंग्या येऊन गेल्या तरी वाटायचं नाही. तोवर कुणी खोकायचंसुद्धा नाही. घंटेला तर दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही.

आणि भागूबाईला एवढ्या माणसांत डोळे मिटवत नसत. दिवे मंद केलेले, सगळे गप्प, अशात मागून कोण येईल याचा काय नेम! म्हणून ती दाराजवळची कडेची खुर्ची धरायची आणि प्रार्थनेत चोरून बघणाऱ्या शाळकरी पोरीसारखी टक्क जागी बसायची.

तिच्या त्या जागरणाने एकदा मास्तरांची चांगलीच शोभा झाली होती. वाजवून झाल्यावर त्यांची मान खाली गेलेली तिने पाहिली आणि भर मौनात ‘‘अहो!’’ म्हणून किंकाळी फोडली. हॉल दचकून जागा झाला. मास्तर नुसते मान खाली घालून बसले होते. माणसं पुढे कितीतरी दिवस गालातल्या गालात हसत राहिली. मास्तरांनी घरी अबोला धरला. सोडला तो एका अटीवर: ‘‘काहीही होवो, त्या हॉलमध्ये तुझ्या तोंडातून शब्द निघता कामा नये. घे माझी शपथ.’’ तिने घेतली. अबोल्याचीही तिला भीती वाटायचीच.

त्या संध्याकाळी निघताना तिने विचारलं, ‘‘इंजेक्शन घेतलंत, मग खाल्लंत का?’’

‘‘खाल्लं गं. आता चल.’’

मास्तर छान वाजवत होते. शेवटी शेवटी एक-दोन सूर घसरले, पण ते तिच्याशिवाय कुणाला कळलं असेल असं वाटत नाही. सूर थांबला. हॉलभर पापण्या मिटल्या. मास्तर खुर्चीत बसलेले, मांडीवर व्हायोलिन, हातात गज, डोळे अर्धवट मिटलेले. थेट ध्यान लागलेल्या माणसासारखे.

पण गज तसाच होता.

वाजवून झालं की गजाच्या टोकाचा स्क्रू फिरवून त्याचे केस सैल करायचे, नाहीतर काठी वाकडी होते. मास्तरांना हे सांगावं लागत नसे. घराला आग लागली असती तरी त्यांनी आधी गज सैल केला असता आणि मग पळाले असते. आज गज ताणलेलाच होता आणि बोटं त्या स्क्रूकडे जात नव्हती.

 कपाळावर चमकतोय तो घाम का? हॉलमध्ये उकडतही होतं. मागच्या वेळीही तिला अशीच खात्री वाटली होती. पुन्हा तसंच झालं तर? शपथ मोडली आणि ते नुसते बसलेले निघाले तर हा माणूस जन्मभर बोलायचा नाही. आणि नसले नुसते बसलेले तर? तिने ताईंकडे पाहिलं. ताईंचा चेहरा शांत होता. त्यांना आतून काही वाटायची लक्षणं नव्हती. ती बसून राहिली. 

मग गज मास्तरांच्या बोटांतून सुटला आणि गालिच्यावर पडला. आवाजसुद्धा झाला नाही.

ती कशी उठली आणि मंचावर कशी चढली ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. मास्तरांचा हात गार आणि ओला होता. तिने बोटं दाबली. बोटांनी तिला ओळख दिली नाही. आता शपथ गेली खड्ड्यात, ओरडायचं, असं तिने ठरवलं आणि तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. भीतीने बोबडी वळली होती. समोर एवढी माणसं आणि सगळी डोळे मिटून प्रसन्न.

तिने हातोडी उचलली आणि घंटेवर घातली. एक ठोका नाही, दणादण, दणादण, हात दुखेपर्यंत.

माणसांनी डोळे उघडले. मौनानंतर सगळे जसे मंद हसतात तसंच आधी हसले. मग ते हसू जागच्या जागी गोठलं. तिसऱ्या रांगेतली एक नर्स धावत आली. भागूबाईने पर्स उलटी केली. टॉर्च आणि मेणबत्ती गडगडत गेली. नर्सने ग्लुकोज ओलं करून मास्तरांच्या गालाच्या आत चोळलं, मग पुन्हा चोळलं. हळूहळू मास्तरांच्या नजरेत मास्तर परत आले.

बाजूच्या खोलीत त्यांना निजवलं. नर्स गाडी बोलवायला गेली. भागूबाईच्या मुठीत हातोडी तशीच होती, मूठ उघडेचना. शेवटी थोरल्या ताईंनी एकेक बोट सोडवून ती काढून घेतली आणि बाहेर गेल्या. मोकळ्या झालेल्या हाताने तिने मंचावरून उचलून आणलेल्या गजाचा स्क्रू फिरवला आणि मग तिचे दात वाजायला लागले.

‘‘गज?’’ मास्तरांनी विचारलं.

‘‘सैल केला मी.’’

‘‘खाल्लं नव्हतं गं. भरल्या पोटी हात जड होतो म्हणून… शेवटच्या सुरानंतर हात उचलेना. जीभ हलेना. समोर एवढी माणसं आणि एकालाही मी दिसत नव्हतो. आयुष्यात इतका घाबरलो नाही मी. मग तू दिसलीस. डोळे टक्क उघडे.’’

तिचे दात वाजायचे थांबले.

‘‘म्हणजे मी बसून राहिले ते तुम्हाला दिसत होतं?’’

‘‘दिसत होतं,’’ मास्तर म्हणाले. ‘‘शपथ मीच घातली होती ना. ‘सुटली’ म्हणायला जीभ हलत नव्हती.’’