बटणबाईंचा कोट

बालवाडीतल्या त्या बाईंना सगळे बटणबाई म्हणत. तोंडावर नव्हे, माघारी. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकतीस वर्षं त्यांनी चिमुरड्या पोरांना कोटाची बटणं लावायला शिकवली होती. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मग या एकदा हिवाळ्यात! अठरा मुलं, अठरा कोट, प्रत्येकाला पाच बटणं आणि सगळ्यांना अंगणात जायची घाई. तोंडाला फेस येईल.

थंडी पडली की बाईंच्या वर्गात सगळं थंडीचंच चाले. वाडग्यातल्या पाण्यात झाडाचं पान टाकून बर्फ करायचा आणि तो कोणाच्या हातात आधी वितळतो ते बघायचं. रोज एकाने खिडकीशी उभं राहून बाहेर गारठा किती ते सांगायचं आणि कापडी अस्वलाला तसे कपडे चढवायचे. मग खरं काम, आपापला कोट. तो फरशीवर पसरायचा, कॉलर पायाशी, हात बाह्यांत, आणि हुप्प करून डोक्यावरून पलटायचा. की कोट अंगात! मग बटणं, खालून वर. बाईंचा नियम एकच. "तीनदा स्वतः करून बघायचं. नाही जमलं तर 'मदत करा' म्हणायचं. मदत मागायला लाजायचं नाही."

यंदा मात्र बाईंचीच बोटं फितूर झाली. आधी हातातून खडू निसटायचा, मग सुईत दोरा जाईना, आणि आता तर बटण धरलं की बोटं नुसती थरथरायची. सकाळी निघताना यजमान त्यांच्या कोटाची बटणं लावून देत. शाळा सुटल्यावर बाई कोट हातावर टाकून निघत. कोणी विचारलंच तर म्हणत, "मला नाही थंडी वाजत." झाकली मूठ सव्वा लाखाची! कारण शाळेच्या मोठ्या बाईंनी हिवाळा लागतानाच बजावलं होतं, "वर्गात हात चालणारं माणूस हवं. ज्यांना झेपत नाही त्यांनी ऑफिसात बसून फोन घ्यावेत." पोरांवाचून ऑफिसात? छे! नुसत्या विचारानेच बाईंना घास जात नसे.

म्हणून त्या कडक झाल्या. पूर्वी तीनदा झालं की चटकन पुढे होणाऱ्या बाई आता "आणखी एकदा, आणखी एकदा" करायला लागल्या. मोठ्या बाई खूश. "बघा, यांची मुलं कशी स्वावलंबी!" हे ऐकलं की बटणबाई नजर चुकवून फळा पुसायला वळत.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे लाडाने ठेंगू म्हणत. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत सावकाश. तिच्या कोटाला आईने नवी बटणं लावली होती, ती काजांपेक्षा मोठी. एके दिवशी बाहेर असा गारठा होता की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. ठेंगूने तीनदा खटपट केली आणि नियमाप्रमाणे बाईंसमोर येऊन उभी राहिली. "बाई, मदत करा."

"आणखी एकदा कर बघू."

तिने केलं. "नाही जमत. मदत करा."

"आणखी एकदा, राणी." बाईंनी हात पाठीमागे घट्ट धरले होते.

मग ठेंगूने मागितलंच नाही. उघड्या कोटाने अंगणात निघाली. मोठ्या बाई नेमक्या दारात उभ्या. "काय गं, कोट उघडा? बटणं लावायचा आळस?"

ठेंगूने बाईंकडे बघितलं. डोळे भरले होते, पण बाईंची चहाडी करेल तर शपथ. "मला नाही थंडी वाजत," ती म्हणाली.

बाईंचेच शब्द. एकतीस वर्षं काय शिकवलं आणि या हिवाळ्यात हे शिकवलं! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बाईंना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"तिने मदत मागितली होती," त्या म्हणाल्या. "मीच केली नाही. माझी बोटं चालत नाहीत, मोठ्या बाई. हे बघा."

मोठ्या बाईंनी ते हात बघितले. मग खाली वाकून ठेंगूची बटणं लावली, त्या जाड बटणांशी बरीच झटापट करून. "उद्या ऑफिसात भेटा," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

शाळा सुटताना बाईंनी सगळ्यांसमोर आपला कोट चढवला. खालचं बटण धरलं. निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदाही तेच. पोरं श्वास रोखून मोजत होती. "तीन झाले!" कोणीतरी ओरडलं.

"मदत करा," बाई म्हणाल्या. हे दोन शब्द किती जड असतात ते त्यांना आज कळलं.

ठेंगू पुढे आली. जीभ बाहेर काढून, खालून वर, एकेक. पण पहिलंच काज चुकलं, त्यामुळे पुढची सगळी चुकली. कोट एका बाजूने वर चढला आणि गळ्याशी एक बटण उरलं.

"जमलं?" तिने विचारलं.

"जमलं गं," बाई म्हणाल्या.

घरी यजमान त्यांना बघून हसले आणि बटणं सरळ करायला पुढे आले. बाईंनी त्यांचा हात धरला.

"उद्या मोठ्या बाईंकडे जायचंय मला," त्या म्हणाल्या. "सकाळी अशीच लावून द्या. एक काज सोडून."